मालधक्क्यावरचं मातेरं

बुधवार पेठेत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावरच्या माडीत देशाची मालवाहतूक सुधारणारं एक मंडळ होतं. मी तिथे केर काढायला आणि चहा करायला होते. मंडळाचं नाव इतकं लांब होतं की पाटी दोन तुकड्यांत करावी लागली. खालचा तुकडा दुकानदाराने स्वतःच्या पाटीला जागा हवी म्हणून काढून ठेवला. त्यामुळे रस्त्यावरून नुसतं 'अखिल भारतीय' एवढंच वाचता यायचं. पुष्कळ लोक हे काय आहे ते बघायला वर यायचे आणि चहा न पिता परत जायचे, कारण आम्ही विचारत नव्हतो.

मंडळाचं म्हणणं तसं साधं होतं. लॉरीतला माल रेल्वेत चढतो, रेल्वेतला बोटीत जातो, बोटीतला पुन्हा लॉरीत येतो. दर वेळी तो उचलायचा, आपटायचा, त्यात नासधूस होते आणि दिवस जातात. ते थांबवायचं तर रस्ता, रेल्वे आणि बंदर या तिघांचं मिळून देशाला एक धोरण पाहिजे. सेक्रेटरी म्हणायचे, "तीन भाऊ एका घरात राहून तीन चुली मांडतात, तसं चाललंय." धोरण व्हावं म्हणून ते दर महिन्याला दिल्लीतल्या एका मोठ्या संस्थेला निवेदन पाठवायचे. तिकडून 'आपलं निवेदन पोचलं' असं छापील कार्ड यायचं. ही कार्डं ठेवायला मंडळाने एक लोखंडी कपाट घेतलं. ते जिन्याच्या वळणावर अडकलं. वर जाईना, खाली येईना. देशाचा माल हलवणारी मंडळी वर्षानुवर्षं त्या कपाटाला घासत, अंग चोरून वर यायची.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी मंडळाचं काम मला मंडळातल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त कळत होतं, कारण मी त्याच्या दुसऱ्या टोकालाही होते. मंडळाची वेळ अकरा ते पाच. पहाटे सहा ते नऊ मी रेल्वेच्या मालधक्क्यावर झाडायला जायची. तिथे मला पगार नव्हता. झाडलेलं धान्य हाच पगार.

हे नीट सांगायला हवं. रेशनिंगचे दिवस होते. धक्क्यावर मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, लागायच्या, ज्वारीची, गव्हाची, तांदळाची पोती हमाल पाठीवर घेऊन लॉरीत टाकायचे. पोतं ओढायला हातात लोखंडी आकडा. आकडा लागला की बारदानाला भोक पडणार, भोक पडलं की दाणा सांडणार. वाघीण रिकामी झाली की आत आणि खाली जे उरतं ते मातेरं. धान्य, माती, कोळशाची भुकटी, उंदराच्या लेंड्या. ते झाडायचं, चाळायचं, सुपात घोळायचं आणि घरी न्यायचं. सगळ्यांनी नाही. सहाच जणींनी, त्यांतल्या दोन जागा आमच्या घरच्या. या सहा जागा घराण्यात चालत आलेल्या होत्या. सासूकडून सुनेकडे. माझं लग्न ठरवताना सासरे माझ्या वडिलांना म्हणाले होते, "घरात नळ न्हाई, पण धक्क्यावर जागा हाय." वडिलांना ते पटलं. मला कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मलाही पटलं असतं. नळाला पाणी येतं, जागेला ज्वारी येते.

नवरा एका थिएटरात दाराशी उभा राहून तिकिटं फाडायचा. सगळे सिनेमे त्याने शेवटून बघितलेले. त्याच्या पगारात घरभाडं आणि त्याच्या बिड्या बसायच्या. मंडळाच्या पैशांत मुलांच्या वह्या आणि रॉकेल. भाकरी मात्र मातेऱ्याची. मातेरं नसतं तर घरातल्या सहा तोंडांपैकी निदान दोन उपाशी राहिली असती, आणि ती दोन कुठली हे सासूने ठरवलं असतं.

हमालांचं आणि आमचं सांडण्याबद्दल कधी बोलणं झालं नाही, पण समजूत होती. आमच्यातल्या तिघींचे भाऊ-दीर हमालच होते. आकडा किती खोल लावायचा हे हमालाच्या हातात असतं. एवढंच सांगते.

तर एके दिवशी दिल्लीच्या त्या संस्थेकडून कार्डाऐवजी खरं पत्र आलं. देशात रस्ता आणि रेल्वे जिथे भेटतात तिथे किती धान्य सांडतं, ते प्रत्येक शहराच्या मंडळाने मोजून कळवावं. सेक्रेटरींनी पत्र तीनदा वाचलं, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचलं. मग मला म्हणाले, "बाई, उद्यापासून आठ दिवस कार्यालय दुपारी चारपर्यंत बंद. तुम्ही तराजू आणि केरसुणी घेऊन माझ्याबरोबर मालधक्क्यावर यायचं."

सेक्रेटरी हा अत्यंत सरळ माणूस. कामात काडीची लबाडी नाही. पण त्यांचं स्नान, पूजा, जेवण आणि पान हे झाल्याशिवाय त्यांच्यासाठी दिवस उगवत नसे, आणि तो बरोबर पावणेअकराला उगवायचा. आम्ही धक्क्यावर पोचलो साडेअकराला. नऊला मीच तिथून डोक्यावर गाठोडं घेऊन बाहेर पडले होते.

मुकादमाने मला बघितलं, तराजू बघितला, सेक्रेटरींचा कोट बघितला. म्हणाला, "या बाई. नवीन दिसता."

"हो," मी म्हटलं.

सेक्रेटरींनी रिकाम्या वाघिणीकडे बोट दाखवलं. "झाडा. एक दाणा राहता कामा नये."

मी झाडलं. सकाळी मीच इतकं साफ केलं होतं की मूठभर निघालं, त्यातही अर्धी वाळू. सेक्रेटरींनी ते तराजूत घातलं, वजन वहीत लिहिलं आणि भुवया उंचावल्या. आठ दिवस हेच. रोज मी नऊला उचलायची आणि बाराला मोजायची. हमाल थप्पीवर बसून बिडी ओढत आमच्याकडे बघायचे. तिकिटाशिवायचा तमाशा. शेवटच्या दिवशी सेक्रेटरी म्हणाले, "बाई, देशात पुणं पुढे आहे असं मी नेहमी म्हणायचो. आज पुरावा मिळाला."

मी का बोलले नाही? त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर खोटं बोलले असते.

अहवाल गेला. महिन्याने उत्तर आलं. सगळ्या देशात सर्वांत कमी धान्य पुण्याच्या धक्क्यावर सांडतं, म्हणून 'पुणे पद्धत' अभ्यासायला दिल्लीचे साहेब स्वतः येणार. मंडळात पेढे आले. मंडळात एक लॉरीवाले शेठ होते, नाना पेठेतलं जुनं मुसलमान घराणं, आजोबांपासून मालवाहतूक. धक्क्यावर लॉऱ्या त्यांच्याच लागायच्या, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं. पेढा तोंडात धरून ते म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, आपल्या धक्क्यावर दाणा सांडत नाही म्हणता?"

"मी म्हणत नाही. आकडे म्हणतात."

"मग तिथली कबुतरं एवढी जाड कशी झाली? पेपर वाचून?"

"शेठ, आपण पेढा खा," सेक्रेटरी म्हणाले.

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी कपबशा विसळत होते, त्या आणखी विसळल्या.

इथवर गंमत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे धक्क्यावर मुकादमाने सहाही जणींना उभं केलं. म्हणाला, धक्क्याचा कारभार बघणाऱ्या मोठ्या बाबूचा हुकूम आहे. दिल्लीचे साहेब येणार, सगळ्या देशात नमुनेदार म्हणून हा धक्का बघणार. नमुनेदार धक्क्यावर केरसुण्या घेतलेल्या बायका शोभत नाहीत. त्या दिवशी यायचं नाही.

"एक दिस न्हाई आलो. फुडं?" सासूने विचारलं.

"पुढेही नाही. साहेब बघून गेले की नमुना कायमचा ठेवायचा."

सासू सत्तरीची. रागावली की ती ओरडत नसे, पदर खोचायची. तिने पदर खोचला. घरी आल्यावर मला म्हणाली, "तराजू कुनी धरला व्हता?"

"मी."

"मंग आता तूच सोड."

म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही, पण मला कळलं. जागा माझ्यामुळे चालली होती. ती मीच वाचवायची. आणि बाबूच्या वर बोलू शकेल असा एकच माणूस माझ्या ओळखीचा होता, तो म्हणजे पावणेअकराला उगवणारा.

मी अकराला मंडळात गेले. शेठ बसलेलेच होते. चहा ठेवला आणि म्हटलं, "साहेब, धक्क्यावर धान्य सांडतं."

सेक्रेटरींनी वर बघितलं नाही. "आकडे तसं म्हणत नाहीत, बाई."

"आकडे तुम्ही साडेअकरानंतर काढलेत. धान्य सहाला सांडतं. नऊपर्यंत आम्ही उचलतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी, माझी सासू आणि आणखी चौघी."

आता त्यांनी वर बघितलं. सात वर्षं मी तिथे कामाला होते. त्यांनी माझं तोंड नीट बघितलं ते मला वाटतं त्याच दिवशी.

"म्हणजे सकाळी तुम्ही झाडून नेलेलं मी दुपारी तुमच्याकडूनच झाडून घेत होतो?"

"हो."

"आठ दिवस?"

"हो."

"आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!"

"तुम्हीच म्हणालात, 'बाई, मधे बोलू नका, वजन चुकतं.'"

शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. सेक्रेटरी मात्र पांढरे पडले होते. म्हणाले, "दिल्लीला कळवलं पाहिजे. अहवाल चुकीचा आहे. आजच तार करतो."

"करा," शेठ डोळे पुसत म्हणाले. "मग दिल्लीवाले येणार नाहीत. तुम्हाला पुन्हा कार्ड येईल."

खाली दुकानात कुठलातरी रेडिओ खरखरत होता. मी सेक्रेटरींचा चेहरा बघत होते. इतक्या वर्षांची कार्डं जिन्यातल्या कपाटात होती, आणि त्या माणसाकडे दिल्ली पहिल्यांदाच स्वतःच्या पायांनी येत होती. मग ते हळूहळू म्हणाले, "तसं बघितलं तर अहवालात चूक नाही. वाघिणीत धान्य राहत नाही हे खरंच आहे. अहवाल फक्त अपूर्ण आहे. पुरवणी जोडता येईल."

"त्या पुरवणीत आम्हाला घाला," मी म्हटलं. "आम्हाला काढलंत तर पुढच्या वेळी मोजाल तेव्हा घमेली भरतील. मग तुमच्या पद्धतीचं काय करायचं?"

"हिला मंडळावर घ्या," शेठ म्हणाले.

मंडळावर कोणी घेतलं नाही, पण सेक्रेटरी छत्री घेऊन मोठ्या बाबूकडे गेले. आत काय झालं मला माहीत नाही. बाहेर येऊन म्हणाले, "दिल्लीचे साहेब बघतील आणि सांगतील. ते म्हणाले बायका राहू द्या तर राहतील, म्हणाले काढा तर जातील. तोपर्यंत तुम्ही आमच्या पद्धतीचा भाग आहात."

पद्धतीचा भाग म्हणून त्यांनी आम्हाला पुठ्ठ्याचे सहा बिल्ले करून दिले. वर मंडळाचा जांभळा शिक्का आणि अक्षरं 'संकलन विभाग'. सासूने बिल्ला उलटासुलटा करून बघितला.

"काय लिव्हलंय?"

"आपण सांडलेलं गोळा करतो असं."

"ते समद्यास्नी ठाव हाय. लिवायचं कशापायी?"

पण लावला. आणि तो सरळ आहे का, हे तीनदा विचारलं.

साहेब आले ते सकाळी सातला. सेक्रेटरींना यायला सहा वाजता निघावं लागलं. ते न जेवता, नुसत्या चहावर आले होते आणि आजारी माणसासारखे दिसत होते. दिल्लीचे साहेब उंच, कोटात घामाघूम, बरोबर दोन लिहिणारे. शेठ स्वच्छ टोपी घालून हजर. आम्ही सहाजणी बिल्ले लावून, केरसुण्या धरून शाळेतल्या मुलींसारख्या ओळीत.

वाघीण उघडली. आणि इथे एक घोटाळा झाला, ज्याचा कोणी विचारच केला नव्हता. मुकादमाने हमालांना तंबी दिली होती की साहेबांपुढे आकडा लावायचा नाही. त्या मेल्यांनी पोती अशी उचलली, अशी उचलली, की बाळंतिणीने पोर उचलावं. हळू, दोन्ही हातांनी, पाय बघून. एक पोतं, दहा पोती, तीस पोती. खाली दाणा नाही. अर्धी वाघीण रिकामी झाली आणि संकलन विभाग नुसता उभा. साहेब घड्याळ बघायला लागले. एक लिहिणारा दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि दोघांनी आमच्याकडे बघितलं. ते काय म्हणाले हे समजायला इंग्रजी लागत नव्हतं. दाणाच सांडत नाही, तर या सहाजणी कशाला?

मी मुकादमाकडे बघितलं, तो छताकडे बघत होता. तेवढ्यात सासूने पदर खोचला आणि धक्का दणाणेल अशा आवाजात हमालांना म्हणाली, "आरं मुडद्यांनो, आज काय उपास हाय का तुमचा? सांडा की जरा!"

सगळे थांबले. साहेबांनी सेक्रेटरींना इंग्रजीत विचारलं. मग आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या सेक्रेटरींनी इंग्रजीत काहीतरी बरंच लांब सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. नंतर शेठनी मला सांगितलं की सेक्रेटरी म्हणाले होते, या विभागाच्या प्रमुख आहेत, त्या हमालांना सावधपणे काम करण्याची सूचना देत आहेत.

पुढचा हमाल माझा चुलतदीर होता. तो पोतं घेऊन बरोबर साहेबांपुढे आला, अडखळला, आणि पोतं टोकावर आपटलं. बारदान उसवलं. ज्वारीचा लोंढा साहेबांच्या बुटांवरून धक्क्यावर पसरला.

"जावा आता," सासू म्हणाली.

आम्ही गेलो. सहा केरसुण्या, तीन चाळण्या, दोन सुपं. कोण कुठून झाडणार, कोण चाळणार, हे आम्हाला एकमेकींना सांगावं लागत नसे. कोणी सुतळी शोधेपर्यंत आम्ही पोतंही शिवलं. दाभण माझ्या कमरेला असायचाच. साहेबांचा रुमाल घाम पुसून खिशात जाईपर्यंत जमीन आरशासारखी. पोतं लॉरीत, आणि चाळून झाल्यावर खाली उरलेलं, मातीत मिसळलेलं दोन-अडीच शेर मातेरं सुपात.

साहेब खरोखर खूश झाले. वाकून सूप बघितलं. मग हिंदीत मलाच विचारलं, "और ये कहाँ जाता है?"

सेक्रेटरींनी घसा खाकरला. त्यांच्याकडे या प्रश्नाला पुरवणी नव्हती. आता कोणीतरी काहीतरी लांबलचक सांगायला पाहिजे होतं. पण प्रश्न मला होता, आणि मला लांबलचक येत नाही.

"घर," मी म्हटलं.

मुकादमाने डोळे मिटले.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग शेठ पुढे झाले आणि म्हणाले, "साहब, पगार नहीं, सुट्टी नहीं, युनियन नहीं. फर्श साफ, चूहा नहीं. इनको निकालोगे तो इस काम के लिए कितने आदमी रखोगे, वो भी लिख लेना."

साहेबांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते कोणाला दिसलं नाही. चहा घेतला, बूट झटकले आणि गेले. बुटात गेलेली ज्वारी ते दिल्लीला घेऊन गेले असणार. तेवढी आमची नुकसानी.

मग दोन महिने काही नाही. बाबूने आम्हाला काढलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. रोज पहाटे जाताना वाटायचं, आज दारात अडवतील. सासूने घरात ज्वारी साठवायला सुरुवात केली, म्हणजे आमच्या ताटातून काढून डब्यात. एक भाकरी दोघांत. मी तक्रार केली तर म्हणायची, "तराजू धरायच्या आधी इचार करायचा." नवरा म्हणाला, मी थिएटरच्या मॅनेजरला तुझ्या कामाबद्दल विचारू का? मी म्हटलं, विचार. तो विसरला.

एक दिवस पहाटे, धक्क्यावर अजून दिवे चालू होते, आणि फाटकातून कोट आणि छत्री येताना दिसली. सेक्रेटरी. सव्वासहाला. कपाळाला गंध नाही, तोंडात पान नाही. मला वाटलं मंडळात कोणी गेलं. त्यांच्या हातात लखोटा होता. म्हणाले, "काल संध्याकाळी आलं. म्हटलं, तुम्ही झाडायला लागण्यापूर्वी वाचलं पाहिजे."

आम्ही सहाजणी, मुकादम आणि चार हमाल गोळा झालो. मोठा बाबूही खोलीतून बाहेर आला. सेक्रेटरींनी आधी इंग्रजीत वाचलं, कारण त्यांना ते वाचायचंच होतं. मग मराठीत सांगितलं. दिल्लीच्या संस्थेने पुणे पद्धतीची दखल घेतली आहे. मातेरं कोणाचं, रेल्वेचं, व्यापाऱ्याचं, लॉरीवाल्याचं की झाडणारीचं, हा राष्ट्रीय वाहतूक धोरणाचा प्रश्न आहे. तो समितीपुढे ठेवण्यात येत आहे. समिती सर्व संबंधित खात्यांचं मत मागवील. अंतिम निर्णय होईपर्यंत पुण्याच्या धक्क्यावर आहे ती व्यवस्था कोणीही बदलू नये.

सेक्रेटरींनी आयुष्यभर ज्या धोरणासाठी निवेदनं लिहिली, ते आता समितीपुढे जात होतं, आणि त्याचं पहिलं कलम उंदराच्या लेंड्यांसकट आमचं सूप होतं. पण ते खूश होते. बाबूने कागद मागून घेतला, शिक्का बघितला, परत दिला आणि खोलीत गेला.

सासू पुढे आली. "म्हंजी आमी झाडायचं का न्हाई?"

"निर्णय होईपर्यंत झाडायचं, आजी."

"निर्नय कोन घेनार?"

"दिल्लीची समिती. रेल्वे, रस्ते, बंदरं, सगळ्या खात्यांना विचारून."

"समद्यांला इचारून?"

"हो. सगळ्यांचं एकमत झाल्यावर."

सासूने खोचलेला पदर सोडला, केरसुणी उचलली आणि आमच्याकडे वळली. "झाडा गं पोरींनो," ती म्हणाली. "घाई न्हाई."